वरती भेगा, खाली ओल

वसुमतीने मक्याचं एक रोप मुळासकट उपटलं, मुळं नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. नासलेल्या ताकासारखा वास येत होता.

"अप्पा, ह्याला पाणी कोणी दिलें?"

बांधावर उभ्या असलेल्या सेतुमाधवरावांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी घातली, घडी मोडली आणि तो पुन्हा खांद्यावर टाकला. पंचाहत्तरीकडे झुकलेला हा माणूस. आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे बोलायची वेळ आली की हातांना काहीतरी काम लागायचं.

"कोण देणार? दव पडतें की पहाटे."

"दवानें मुळें कुजत नाहींत."

"मग रामस्वामीच्या शेतांतून झिरपलें असेल," ते म्हणाले. म्हणताना त्यांनी पलीकडे मात्र बघितलं नाही.

पलीकडे रामस्वामीचा उन्हाळी भात होता, बोअरच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभा आणि डोळे निवावेत इतका हिरवा. मध्ये एक बांध. अलीकडे सेतुमाधवरावांचा मका जेमतेम गुडघ्याला लागलेला. खालची पानं टोकाकडून पिवळी पडत चालली होती आणि तो पिवळेपणा मधल्या शिरेवरून आत शिरत होता. वसुमती पापनाशमला शेतकी खात्यात नोकरीला. असली पानं तिने शेकड्यांनी पाहिली होती. हे रोप नत्रासाठी उपाशी होतं. पण तिने स्वतःच्या हाताने पेरणीच्या वेळी खत घालून घेतलं होतं, मग हे उपाशी का? उत्तर त्या वासात होतं. मुळं पाण्यात गुदमरली होती. समोर ताट वाढलेलं आणि गळा आवळलेला, अशी गत.

हा मका गेला तर काय जाणार होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या वर्षी कामाक्षी, म्हणजे सेतुमाधवरावांची बायको, वारली. तेराव्यालाच मुलगा प्रणवेश म्हणाला की अप्पांनी आता चेन्नईला यावं. तो काही वाईट मुलगा नव्हे. म्हातारा बाप एकटा, स्वतःच्या हाताने भात-रसम् करून खातो, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे, हे त्याचं म्हणणं चुकीचं कसं म्हणावं? पण अप्पांना नवव्या मजल्यावर बसवणं म्हणजे काय, हे वसुमतीला कळत होतं. तिने भावाशी भांडून एक हंगाम मागून घेतला. एक पीक अप्पांच्या हाताने उभं राहिलं तर ते इथेच राहतील, नाही तर शेत रामस्वामीला खंडाने देऊन अप्पा चेन्नईला. प्रणवेशने कबूल केलं. लावणीला माणसं मिळत नाहीत, धरणाचं पाणी जानेवारीतच बंद होतं, म्हणून भाताऐवजी मका हेही वसुमतीनेच ठरवलं. अप्पांनी मान डोलावली होती. बिचाऱ्यांना मक्यातलं काय कळत होतं?

त्यांना पाणी कळत होतं. महाराष्ट्रात ज्याला पाटकरी म्हणतील त्याला इकडे लस्कर म्हणतात. कालव्याची दारं उघडायची, बंद करायची, कोणाची पाळी कधी ते बघायचं. पूर्वजांनी तंजावरच्या राजवाड्यात मोडी खरडली आणि आमचा सेतू दारं फिरवतो, असं त्यांचे वडील पाहुण्यांसमोर म्हणायचे. म्हणोत बापडे. कुडमुरुट्टीच्या काठावरच्या गावांत त्या मोडीला कोण विचारत होतं? तिथे सगळे ह्या रावांनाच, तिकडच्या बोलीत रायरना, विचारायचे, "रायर, पाणी कधी?" देवळात विचारायचे, लग्नात पंगतीला बसले असता विचारायचे. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी सवय सुटेना. कामाक्षीला स्मशानात नेत असताना एका म्हाताऱ्याने वाटेत हात जोडले आणि जाता जाता विचारलंच. सेतुमाधवरावांनी त्यालाही उत्तर दिलं होतं.

असा माणूस मका पेरायला निघाला तेव्हा त्याने काय करावं? भाताच्या माणसाने जे करावं तेच केलं. वसुमतीने सांगितलं होतं, उंच वरंबे काढा, कडेला चर काढा, पाणी निघून जायला वाट ठेवा. अप्पांनी वरंबे काढले खरे, पण त्यांच्या हाताला उंचसखल जमीन सोसवेना. दोन दिवसांत त्यांनी फावड्याने सगळं थोपटून आरशासारखं केलं. चराची जागा लिंपून टाकली. आणि बांध असा बांधला की थेंब बाहेर जायचा नाही. बांधावरून जाणारे थांबून "वा, रायर!" म्हणत होते. त्या गावात शेताची ह्याहून मोठी स्तुती नाही.

"रामस्वामीशीं मी बोलतें," वसुमती म्हणाली.

"नक्को. कशाला?"

"कशाला म्हणजे? हें शेत बुडलें की खंडानें कोणाला मिळणार आहे, अप्पा? तुम्हांला साधें कळत नाहीं?"

ती ओल्या बांधावरून तरातरा निघाली. सेतुमाधवराव दोन पावलं मागे गेले, मग थांबले, मग पुन्हा गेले.

रामस्वामी नारळाखाली बसून पंपाचा पट्टा दुरुस्त करत होता. साठीचा, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. वसुमतीला त्याने खांद्यावर घेऊन गावची जत्रा दाखवली होती. तिला बघून तो उठला आणि तमिळमध्ये म्हणाला, "ये वसुम्मा. कॉफी सांगू?"

"कॉफी नको मामा. तुमचं पाणी आमच्या मक्यात उतरतंय," तीही तमिळमध्येच म्हणाली. "मुळं कुजली. बांध आतून पोखरला असणार. तुम्हाला दिसलं नाही? की बघायचंच नव्हतं?"

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि ते कुठे लागलं हे तिला लगेच दिसलं. रामस्वामीने हातातला पट्टा खाली ठेवला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या मागे, दहा हातांवर उभ्या असलेल्या सेतुमाधवरावांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"असेल," तो म्हणाला. "खेकड्यांनी पोखरला असेल. मी आज बुजवून घेतो. चुकलं माझं."

"आधी बघायला हवं होतं, मामा."

"हो. बघायला हवं होतं."

"रामस्वामी, गप्प बस." सेतुमाधवरावांचा आवाज इतका मोठा आला की झाडावरचा कावळा उडाला. ते पुढे आले. पंचा त्यांनी दोन्ही हातांत पिळून धरला होता. "त्याचा बांध पक्का आहे. एक भोंक नाहीं त्याला. मोटार मी लावतों, वसू. रोज दुपारीं मीच लावतों."

रामस्वामी हळूच पंपाकडे गेला. पट्ट्यावाचून तिथे काही काम नव्हतं, पण गेला.

"रोज?" वसुमती म्हणाली.

"रोज."

"मी काय सांगून गेलें होतें? वरती भेगा दिसल्या म्हणून पाणी द्यायचें नाहीं. वीतभर खणायचें, खालची माती मुठींत दाबायची, लाडू वळला तर मोटारीला हात लावायचा नाहीं. करून दाखवलें होतें की नाहीं?"

"दाखवलें होतें."

"मग केलें नाहीं?"

"केलें. लाडू वळत होता."

"आणि तरी दिलें?"

"पानें वळत होतीं, वसू! तूं दुपारची येत नाहींस. तूं सकाळची येतेस, तेव्हां सगळें छान असतें. दुपारीं येऊन बघ. एकेक पान सुरळी होऊन उभें राहतें. जमिनीला ह्या एवढाल्या भेगा. मी पाण्याचा माणूस, माझी मोटार तिथें, पाणी तिथें, आणि मी मुठींत लाडू धरून बसूं?"

"पाणी जास्त झालें म्हणूनच वळतात, अप्पा. मूळ बुडलें की त्याला पितां येत नाहीं. मग पान तहानेल्यासारखें दिसतें, तुम्ही आणखीन देतां, तें आणखीन बुडतें."

"पिवळें पडलें म्हणून युरियाहि टाकलें," ते म्हणाले. आता सांगायला बसलेच होते तर सगळंच सांगत होते. "दोनदां टाकलें."

"उभ्या पाण्यांत?"

त्यांनी मान हलवली.

वसुमती कपाळाला हात लावून बांधावर बसली. त्या चिखलातलं नत्र कधीच हवेत उडून गेलं होतं, रोपाच्या तोंडाला लागलंच नव्हतं. हे ती दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावात लोकांना बसवून समजावायची. नत्र आणि पाणी दोन्ही लहान मुलाला भरवतात तसं थोडं थोडं, मागच्या घासाचं काय झालं ते बघून द्यायचं. लोक ऐकायचे, माना डोलवायचे आणि घरी जाऊन मोटार लावायचे. त्यांच्यावर ती चिडायची, मग विसरायची. आज बापावर चिडली आणि तिला विसरता येईना.

"तुम्हांला इथें राहायचेंच नाहीं," ती म्हणाली. "सरळ सांगा ना. मी प्रणवेशला कळवतें, येऊन घेऊन जा म्हणून."

"मला इथेंच राहायचें आहे."

"मग ऐकत कां नाहीं?"

सेतुमाधवराव तिच्या समोर उकिडवे बसले. आवाज खाली आला होता.

"तुझ्या आईच्या पायांत बोट दाबलें तर खळगा पडायचा. आठवतें? अंगभर पाणी. आणि ओठ फुटलेले. पाणी दे म्हणायची. तेव्हांहि तूं हेंच म्हणालीस. आंत पाणी जास्त आहे, वरून तहान दिसते, द्यायचें नाहीं. डॉक्टरहि तेंच म्हणाले. मीं ऐकलें, वसू. एक घोट जास्त दिला नाहीं. ती गेलीच ना?"

वसुमतीला रडू आलं आणि रागही आला. दोन्हीतलं आधी काय आलं ते तिला पुढेही कधी सांगता आलं नसतं.

कामाक्षीची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा वसुमती बिनपगारी रजा काढून इथे येऊन राहिली होती. तंजावरला नेऊन रक्त शुद्ध करून आणायचं आणि मधल्या दिवसांत पाणी मोजून द्यायचं. लहान पेल्याने, दिवसभराचं ठरलेलं. दुपार झाली की आई मागायला लागायची. आधी नुसती मागायची, मग चिडायची, मग लेकीला नको नको ते बोलायची. "शत्रू आहेस माझी," म्हणायची. आणि दुपार झाली की अप्पा उठायचे. वाय्क्काल बघून येतों, म्हणायचे. त्या वाय्क्कालात, म्हणजे घरामागच्या पाटात, तेव्हा पाणीही नसायचं. ऊन उतरल्यावर परत यायचे. 'नाही' म्हणायला खोलीत उरायची ती एकटी वसुमती. आईच्या शेवटच्या महिन्यांत तिने किती वेळा नाही म्हटलं असेल, आणि त्यातल्या एकाही वेळी अप्पा शेजारी नव्हते. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आताही जिभेच्या टोकावर आलेलं तिने गिळलं. समोर बसलेल्या माणसाला आणखी काय मारायचं?

"पाणी दिलें असतें तर त्याच आठवड्यांत गेली असती," एवढंच ती म्हणाली. "आपण तिला पोंगलपर्यंत ठेवली, अप्पा. सून चेन्नईहून आली, पोरें आलीं, तिनें सगळ्यांना बघितलें. तें पाणी न दिल्यामुळें."

सेतुमाधवराव खाली बघत मातीत बोट फिरवत राहिले. मग उठले.

"आतां काय करायचें, तें सांग."

"बांध फोडायचा."

त्यांनी दचकून तिच्याकडे बघितलं. त्या मुलखात दुसऱ्याचा बांध फोडला तर माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नाहीत, आणि स्वतःचा बांध फोडून पाणी बाहेर घालवणाऱ्याला तर लोक वेडाच म्हणतील.

"खालच्या कोपऱ्यांत फोडायचा, ओढ्याकडे. ओळींच्या मधून चर काढायचे. असेल नसेल तें पाणी जाऊं द्यायचें. जमीन श्वास घेईल, वाफसा येईल, तोंपर्यंत मोटार बंद. पानें वळलीं तरी बंद. मग मुळाशीं थोडें युरिया, वरून हलकें पाणी. जगलें तर जगलें."

"आणि नाहीं जगलें तर?"

"तर प्रणवेश."

रामस्वामी केव्हा येऊन उभा राहिला ते कळलं नाही. त्याच्या हातात फावडं होतं. "मी फोडतो, रायर," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

वसुमतीने त्याच्यापुढे हात जोडले. "मामा, मी जे बोलले..."

"राहू दे. लेकीने बापाच्या बाजूने नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?" आणि तो फावडं घेऊन निघाला.

सेतुमाधवरावांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

खालच्या कोपऱ्यात त्यांनी पंचा कमरेला बांधला. बांध नवा होता, घट्ट होता, आणि त्यांनीच चोपून बसवलेला होता. पहिला घाव मातीत रुतून बसला. दुसऱ्या-तिसऱ्यानंतर ढेकूळ सुटलं आणि काळपट, कुबट पाणी आधी थेंब थेंब आणि मग धार धरून ओढ्याकडे निघालं. ते बाजूला होऊन बघत राहिले. कित्येक गावांच्या शेतांत पाणी सोडलेला माणूस. शेतातून पाणी बाहेर जाताना बघायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. घाम पुसायच्या निमित्ताने त्यांनी डोळे पुसले, आणि रामस्वामीने दुसरं फावडं घेऊन ओळींमधला चर काढायला घेतला.

निघताना वसुमती मोपेडपाशी आली तेव्हा अप्पा मोटारीच्या खोपटातून बाहेर आले. त्यांच्या तळहातावर फ्यूज होता.

"हें तुझ्याकडे ठेव."

"कां?"

"माझा भरवसा नाहीं. दुपारीं हात जातो."

तिने फ्यूजकडे बघितलं. घ्यावासा वाटत होता. अगदी मनापासून वाटत होता, कारण आता एका दुपारचं पाणीही ह्या पिकाला सोसणारं नव्हतं. पण तो खिशात घालून नेला, पीक जगवलं आणि प्रणवेशला सांगितलं, की अप्पा एकटे राहू शकतात, तर ते कोणाचं राहणं होतं?

"तुमचें शेत, तुमची मोटार," ती म्हणाली. "तुमच्याजवळच ठेवा."

ती गेली. बसच्या मागे मागे पापनाशमच्या रस्त्याला लागली आणि सारी वाट स्वतःला शिव्या देत राहिली.

त्या आठवड्यात तिने रोज संध्याकाळी फोन केला. "जेवलांत?" "जेवलों." "मका?" "आहे." ह्यापलीकडे दोघंही गेली नाहीत. प्रणवेशचाही फोन आला. पीक कसं आहे, त्याने विचारलं. खालचा कोपरा गेला, बाकीचं अजून सांगता येत नाही, ती म्हणाली. "अक्का, तू उगाच त्यांना आशा लावतेस," तो म्हणाला.

रविवारी ती मुद्दाम दुपारची गेली. गावाच्या वळणावर मोपेड बंद करून तिने कान दिला. रामस्वामीची मोटार चालू होती. अप्पांची आहे का, ते त्या आवाजात कळेना. घराला कुलूप होतं. ती तशीच शेताकडे गेली.

अप्पा बांधावर बसले होते. ऊन डोक्यावर. समोर मका उभा होता आणि एकूण एक पान वळलेलं, सुरळी झालेलं. खालच्या कोपऱ्यातली रोपं वाळून आडवी झाली होती, ती कोणी न सांगताही मेलेली दिसत होती. जमिनीला भेगा पडल्या होत्या. अप्पांचे ओठही सुकले होते. चरात पाण्याचा मागमूस नव्हता.

"नाहीं लावली," तिने विचारायच्या आधीच ते म्हणाले.

ती ओळीत उतरली. वीतभर खणलं, माती मुठीत घेतली. लाडू वळला, पण अंगठ्याने दाबताच फुटला. वास गेला होता. तिने एक रोप हलकेच बाजूने उकरलं. काळ्या पडलेल्या मुळांच्या वर, खोडाला लागून, नवी मुळं फुटली होती. पांढरीशुभ्र, दोऱ्याएवढी. दुसरं उकरलं, तिसरं उकरलं. वरच्या अंगाला सगळीकडे होती.

"अप्पा," ती म्हणाली आणि तिने उकरलेली माती मुळांवर परत लोटली. मग म्हणाली, "उद्यां युरिया देऊं. मी रजा काढतें. संध्याकाळीं हलकें पाणी. तुम्हीच द्या."

"सरी, बरें," ते म्हणाले. उठले मात्र नाहीत.

"चला घरीं. उन्हांत बसून काय होणार आहे?"

"कांहीं होत नाहीं."

"मग? रोज असे बसतां?"

"दुपारपासून ऊन उतरेपर्यंत." ते वळलेल्या पानांकडे बघत होते. "तीं मागत असतात, वसू. द्यायचें नाहीं तें कळलें मला. पण कोणी तरी समोर बसायला हवें."

वसुमती उभी राहिली. गेल्या वर्षभरात आपल्याला जे ऐकायचं होतं ते हेच, की दुसरं काही, हे तिला ठरवता येईना. तिने चपला काढल्या आणि बांधावर त्यांच्या शेजारी बसली. बसायला जागा व्हावी म्हणून अप्पा थोडे सरकले. ऊन उतरायला अजून बराच वेळ होता.